पेन्शनीतले मिशनरी

लॅटर-डे सेंट्स चर्चच्या परदेशी मिशनांमध्ये तरुण मिशनऱ्यांच्या बरोबरीने निवृत्त नवरा-बायकोंची एक फळी काम करते. जग ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखते, तो हा पंथ. ६ एप्रिल १८३० रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या फेएट इथे जोसेफ स्मिथने त्याची स्थापना केली. १८४४मध्ये जमावाने स्मिथचा खून केला. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या मागून अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आजही चर्चचे मुख्यालय तिथेच, यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. सदस्यसंख्या सुमारे पावणेदोन कोटी असून २०२४मध्ये जगभरच्या मिशनांची संख्या ४५० झाली. या मिशनांत सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी असतात आणि त्यांतले बहुसंख्य विशीच्या आसपासचे. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळा बिल्ला लावून जोडीने दारोदार फिरणारी मुले सगळ्यांच्या परिचयाची. त्यांच्यामागे असलेली, तसाच काळा बिल्ला लावणारी, पांढऱ्या केसांची जोडपी मात्र फारशी कोणाच्या नजरेत येत नाहीत.

ही जोडपी साधारणपणे साठी-सत्तरीतली असतात. नोकरी किंवा धंदा आटोपलेला, मुले मार्गी लागलेली, प्रकृती बरी आणि गाठीला पैसा, एवढ्या गोष्टी जुळल्या की त्यांना जाता येते. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. गावात ज्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारत, ते मिशनवर पोचल्या दिवसापासून आडनावापुढे ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ होतात. एकोणीस वर्षांच्या मुलालाही एल्डरच म्हणतात आणि बहात्तर वर्षांच्या निवृत्त न्यायाधीशालाही.

मराठी वाचकाच्या मनातला मिशनरी वेगळा आहे. १८१३मध्ये मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल तरुणपणी आला तो कायमचा. मराठी शिकला, शाळा काढल्या आणि १८२६मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे एक्केचाळीस होते. त्या परंपरेत मिशन म्हणजे सबंध आयुष्य. मॉर्मनांमध्ये ते आयुष्याचा एक तुकडा असते, आधी तारुण्यातला आणि मग जमले तर म्हातारपणातला. पगारी धर्मगुरू ठेवण्याची पद्धत त्यांच्या स्थानिक मंडळ्यांत नाही. दंतवैद्य, शेतकरी, विमा एजंट हेच आळीपाळीने बिशप होतात, आणि मिशनही त्याच रीतीने चालते. पुण्याचाही या इतिहासाशी थोडा संबंध आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन १८५२मध्ये मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी त्याने पुण्यात एक लहानशी शाखा स्थापन केली. पुढच्या वर्षी सॉल्ट लेकहून निघालेले आणखी काही मिशनरी कलकत्त्याला पोचले. काही वर्षांतच हा सगळा खटाटोप गुंडाळावा लागला.

त्या काळी मिशनवर मुख्यतः विवाहित पुरुष जात आणि बायका-मुले घरी मागे राहत. शेत, गुरे, कर्ज सगळे बायकोने सांभाळायचे. लुइझा बार्न्स प्रॅट हिचा नवरा अ‍ॅडिसन १८४३मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर गेला; चार मुलींना घेऊन तिने एकटीने पश्चिमेचा प्रवास पार केला आणि १८५०मध्ये ती स्वतःही तिकडे त्याच्यापाशी गेली. अशी उदाहरणे मोजकी. १८९८मध्ये अविवाहित स्त्रियांना अधिकृतपणे मिशनवर पाठवायला सुरुवात झाली. निवृत्त जोडप्यांची ठरीव व्यवस्था त्यानंतर बऱ्याच काळाने, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला पेन्शन मिळू लागले, आयुर्मान वाढले, पासष्टीनंतर पंधरा-वीस वर्षे हाताशी उरू लागली. धर्मोत्साह पूर्वीही होता. म्हातारपणातला मोकळा वेळ आणि त्याला पुरेल एवढी शिल्लक ही गोष्ट नवी होती.

या जोडप्यांनी कुठे किती फरक पाडला हे पाहायचे तर पश्चिम आफ्रिकेइतके चांगले उदाहरण नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार न देण्याचा नियम या चर्चने सव्वाशे वर्षांच्या आसपास पाळला. तो जून १९७८मध्ये रद्द झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून घाना आणि नायजेरियातले लोक सॉल्ट लेक सिटीला पत्रे पाठवत होते. हाती आलेली पुस्तके वाचून त्यांनी आपापल्या मंडळ्याही भरवल्या होत्या. घानातल्या जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांच्या हाती १९६४मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ आले आणि पुढची चौदा वर्षे ते कोणत्याही अधिकृत मान्यतेशिवाय प्रचार करत राहिले. नियम उठल्यावर नोव्हेंबर १९७८मध्ये पहिले मिशनरी पाठवले गेले, ती दोन वयस्क जोडपी होती: रेंडेल व रेचेल मेबी, आणि एडविन व जनाथ कॅनन. मेबी सत्तरीतले, यूटाच्या विधानसभेचे माजी सभापती. जनाथ कॅनन चर्चच्या जागतिक महिला संघटनेच्या पदाधिकारी होत्या आणि या कामासाठी त्यांना ते पद सोडावे लागले. २१ नोव्हेंबरला नायजेरियात अँथनी ओबिन्ना यांचा बाप्तिस्मा झाला, डिसेंबरमध्ये घानात जॉन्सन यांचा. वर्षभरात या चौघांच्या हातून सतराशेहून अधिक लोक चर्चमध्ये आले. खरे तर ते ‘आणले’ म्हणणे बरोबर नाही. ते आधीच दारात उभे होते; चौघांनी दार उघडले आणि वहीत नावे लिहून घेतली.

आजचे जोडपे असे क्वचितच प्रचार करते. त्याच्याकडे आलेली कामे ऐकली तर एखाद्या कंपनीच्या प्रशासन विभागाची यादी वाटावी: मिशन कार्यालयातले हिशेब, भाड्याची घरे, व्हिसा, गाड्या, मदतकार्य, जुन्या कुळनोंदींचे छायाचित्रण, मंदिरातली सेवा, शिकवण्या, कायद्याचा सल्ला, तरुण मिशनऱ्यांच्या आजारपणाची देखरेख. आपल्याकडच्या वाचकाला वानप्रस्थाश्रम आठवेल, पण साम्य फसवे आहे. वानप्रस्थात हिशेबाच्या वह्या मुलाच्या स्वाधीन करून निघायचे असते. इथे निवृत्त अकाउंटंटच्या हाती नव्या वह्या येतात.

जाण्याची प्रक्रिया बिशपच्या भेटीने सुरू होते. अर्ज, डॉक्टरांची आणि दातांची तपासणी, मग वरच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याची मुलाखत. तरुणांना देश निवडता येत नाही. जोडप्यांना उपलब्ध कामांची यादी पाहून पसंती कळवता येते, मात्र अंतिम नेमणूक सॉल्ट लेक सिटीतून येईल ती. दक्षिण अमेरिका मागितलेल्यांना आफ्रिका मिळाल्याची उदाहरणे असतात आणि बहुतेक जण ती मुकाट्याने स्वीकारतात, कारण या नेमणुकीला ते देवाचे बोलावणे मानतात. चर्चचे प्रेषित, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी एक असलेले, रॉबर्ट हेल्स यांनी एप्रिल २००१च्या परिषदेत जोडपी का कचरतात याची चार कारणे सांगितली होती: भीती, कुटुंबाची काळजी, योग्य काम मिळेल की नाही ही शंका, आणि पैसा. पंचवीस वर्षे होत आली तरी यादीत पाचव्या कारणाची भर पडलेली नाही.

पैशाचा मुद्दा जरा उकलून पाहावा लागतो. हे मिशन बिनपगारी तर असतेच, शिवाय जोडप्याला खर्चही स्वतः करावा लागतो. जेवणखाण, फोन, औषधे, आरोग्यविमा सारे त्यांच्या शिलकीतून. अमेरिकेतल्या तरुण मिशनऱ्याच्या कुटुंबाने महिन्याला ठरावीक रक्कम भरायची असते. जुलै २०२०पासून ती ५०० डॉलर आहे. जोडप्यांना अशी सपाट रक्कम नाही, देशागणिक खर्च बदलतो. महागड्या शहरांतल्या घरभाड्याने अनेकांचा बेत फसत होता म्हणून सप्टेंबर २०११पासून घरखर्चाला महिना १,४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली आणि वरचा भार चर्चने उचलला. त्याच वेळी परदेशात सहा किंवा बारा महिन्यांच्या मुदतीचीही मुभा मिळाली, पण कमी मुदतीसाठी जाणाऱ्यांनी विमानाचे तिकीट आपले आपण काढायचे. अमेरिकेतल्या वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, देशाबाहेर जवळजवळ निरुपयोगी असल्याने वेगळी वैद्यकीय योजना घ्यावी लागते. हे सर्व उत्पन्नाचा दशमांश आयुष्यभर चर्चला देऊन झाल्यावर.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. या चर्चच्या गुंतवणूक संस्थेकडे सुमारे १०० अब्ज डॉलरचा निधी असल्याची माहिती २०१९मध्ये एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून बाहेर आली. गुंतवणुकीचा तपशील नीट जाहीर न केल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०२३मध्ये ती संस्था आणि चर्च यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. एवढी गंगाजळी असलेल्या संस्थेने निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनीवर आपले कार्यालय का चालवावे? चर्चचे उत्तर असे की त्याग हाच या सेवेचा गाभा आहे आणि पगार दिला की ती नोकरी होईल. उत्तर प्रामाणिक असेल, पण त्याने संस्थेचे मोठे वेतन वाचते हेही तितकेच खरे. जाणारी जोडपी मात्र हा हिशेब मांडताना सहसा दिसत नाहीत.

प्रशिक्षण यूटातल्या प्रोव्हो शहरात, साधारण आठवडाभराचे. त्यातला काही भाग आता ऑनलाइन होतो. तरुणांना नवी भाषा शिकवायला तिथे कित्येक आठवडे ठेवतात. वयस्कांकडून तशी अपेक्षा नसते. इंग्रजी राज्यभाषा असलेला घाना त्यामुळे त्यांना सोयीचा. पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला असल्याशिवाय घानात प्रवेश नाही, आणि हिवतापावरची प्रतिबंधक गोळी तिथे उतरण्याआधीच सुरू करावी लागते. घर एखाद्या मुलाकडे किंवा भाडेकरूकडे सोपवले जाते, गाडी विकली किंवा झाकून ठेवली जाते, मृत्युपत्र अद्ययावत होते.

घानाची राजधानी अ‍ॅक्रा हे चर्चच्या पश्चिम आफ्रिका विभागाचे मुख्य ठाणे आहे. इंडिपेंडन्स अव्हेन्यूवरच्या आवारात जानेवारी २००४मध्ये अर्पण केलेले मंदिर आहे आणि विभागाची कार्यालयेही. इथे नेमलेल्या जोडप्याचा दिवस तरुणांपेक्षा सैल असतो. तरुणांना साडेसहाला उठणे, ठरल्या वेळी अभ्यास, रात्री ठरल्या वेळी दिवा मालवणे सक्तीचे. जोडप्याला आपले वेळापत्रक स्वतः लावता येते. सकाळी दोघे मिळून धर्मग्रंथ वाचतात आणि आवारातच थोडे चालतात, कारण सातनंतर उन्हाचा चटका आणि दमटपणा दोन्ही वाढतात. मग न्याहारी. चहा आणि कॉफी त्यांना १८३३च्या एका आज्ञेने वर्ज्य आहेत, दारू-तंबाखूही. घानात माइलो हे कोकोचे पेय सगळीकडे मिळते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. भारतात नेमलेल्या जोडप्याला मात्र हा नियम रोजची परीक्षा ठरतो, कारण ज्या घरात जावे तिथे पाण्यापाठोपाठ चहा येतो आणि न घेतला तर यजमानाला वाईट वाटते.

कार्यालय आठ-नऊला सुरू होते. हिशेब सांभाळणाऱ्याने तरुण मिशनऱ्यांचा महिन्याचा भत्ता वेळेवर पोचवायचा, पावत्या जुळवायच्या, दुरुस्तीची बिले चुकती करायची. दुसऱ्याच्या गळ्यात परवाने असतात: परदेशी मिशनऱ्यांचे निवास परवाने, परदेशी रहिवाशांसाठीची ओळखपत्रे, मुदत संपण्याच्या तारखा, इमिग्रेशनच्या खिडकीपुढच्या रांगा. आयुष्यभर हाताखाली चार कारकून असलेला माणूस इथे स्वतः झेरॉक्स काढतो. पहिल्या महिन्यात त्याला याचा त्रास होतो. नंतर बहुतेकांना गंमत वाटू लागते.

सगळ्यांत कष्टाचे काम घरांचे. मिशनमध्ये तरुणांसाठी भाड्याने घेतलेली पन्नास-साठ किंवा त्याहूनही अधिक घरे असू शकतात आणि ती शोधणे, सजवणे, सोडणे हे एका जोडप्याच्या वाट्याला येते. घानात घरमालक वर्षा-दोन वर्षांचे भाडे आगाऊ मागतात. १९६३च्या भाडे कायद्याने सहा महिन्यांहून अधिक आगाऊ भाडे मागायला बंदी केली आहे, पण कायदा कागदावर आणि व्यवहार बाजारात. त्यामुळे घर पसंत करण्यात झालेली चूक दोन वर्षे पाठ सोडत नाही. गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे का, नळाला पाणी आठवड्यातून किती वेळा येते, खिडक्यांना डासांची जाळी धड आहे का, विजेचा प्रीपेड मीटर स्वतंत्र आहे की शेजाऱ्याबरोबर सामायिक, कुंपणाची भिंत किती उंच, पावसाळ्यात गटार तुंबते का, हे सारे पाहावे लागते. विजेचा लपंडाव घानाला इतका सवयीचा आहे की त्याला ‘डमसोर’ असे खास नाव पडले आहे. २०१२ ते २०१६ या काळात त्याने कहर केला होता. महाराष्ट्रात भारनियमन सोसलेल्याला त्याचे वर्णन करून सांगायची गरज नाही.

घरे घेतल्यावर तपासणी येते. दर काही आठवड्यांनी जोडपे पिकअप घेऊन फेरीला निघते. गाडीत गाद्या, मच्छरदाण्या, पाण्याच्या फिल्टरच्या कँडल, गॅसचे रेग्युलेटर, औषधे आणि पत्रे भरलेली. चार-चार मुले राहतात त्या घराच्या मोरीत डोकावणे हे मिशनमधले सर्वांत धाडसाचे काम असावे. सिस्टर ओटा पाहते, फ्रिज उघडते, मच्छरदाणी खरोखर लावतात की घडी करून ठेवली आहे हे बघते. स्वच्छ घराला बक्षीस म्हणून केळ्याचा केक किंवा दालचिनीचे रोल मिळतात. मुलांना शिस्त मिशन प्रमुख लावतो, पण पहिल्यांदा घर सोडून आलेला, हिवतापाने फणफणलेला मुलगा आधी फोन करतो तो या बाईंना. यांतले कित्येक अमेरिकन नसतातच. घानातल्या मिशनांत नायजेरिया, सिएरा लिओन, लायबेरिया, कोत दिव्हार इथली मुले मोठ्या संख्येने असतात. एखाद्या मुलाच्या घरचे अजून त्याच्या धर्मांतरावर रुसलेले असतात. त्याला रविवारी कोणी जेवायला बोलावणे ही मोठी गोष्ट असते.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि तेव्हा कार्यालयातल्या जोडप्यांची धांदल उडते. विमानतळावर नव्यांना घ्यायचे, परतणाऱ्यांना सोडायचे, सामान कोणत्या ट्रो-ट्रोत किंवा बसमध्ये चढवायचे ते पाहायचे. ट्रो-ट्रो म्हणजे तिथली वडाप. जोडपी स्वतः शक्यतो त्यात बसत नाहीत. अ‍ॅक्राच्या रहदारीत अमेरिकन माणसाने गाडी चालवणे हेच एक शिक्षण असते. सिग्नलला थांबले की डोक्यावर टोपली घेतलेले विक्रेते खिडकीशी येतात: पाण्याच्या पिशव्या, केळ्याचे वेफर, मोबाइलचे चार्जर, रुमाल, कधी भिंतीवरचा नकाशा. आठवड्याची अर्धी खरेदी गाडीतून न उतरता होऊ शकते. उरलेली मॉलमध्ये, दामदुपटीने, कारण चीज आणि न्याहारीचे सीरिअल आयात केलेले असते. शहाणी जोडपी दोन-तीन महिन्यांत बाजाराच्या वाटेला लागतात आणि टोमॅटो, रताळी, अननस, आंबा, जाड सालीची केळी यांवर घर चालवतात. जोलोफ भात सगळ्यांना आवडतो. फुफूचे तसे नाही. कसावा आणि केळी कुटून केलेला तो गोळा रश्श्यात बुडवून न चावता गिळायचा, तोही उजव्या हाताने. डाव्या हाताने देणे-घेणे घानात असभ्य समजतात. अमेरिकन डावखुऱ्याला हे शिकायला वेळ लागतो.

सोमवार तयारीचा दिवस, म्हणजे कपडे धुणे, केस कापणे आणि थोडे फिरणे. बुधवारी किंवा गुरुवारी शिकवण्या. मंडळीत प्रार्थनेच्या वेळी वाजवायला कीबोर्ड असतो, वाजवणारा नसतो. म्हणून अनेक सिस्टर संध्याकाळी मुलांना कीबोर्ड शिकवतात. यामागे थोडी खंतावणारी गोष्टही आहे. जॉन्सन यांच्या मूळ मंडळ्यांत ढोल आणि नाच होते. अधिकृत चर्च आले तेव्हा ते गेले आणि यूटातल्यासारखी संथ स्तोत्रे आली. जगभर एकच पूजापद्धत असावी हा चर्चचा आग्रह समजण्यासारखा असला, तरी ढोलांच्या देशात बोटे मोजून कीबोर्ड शिकवणारी अमेरिकन आजी पाहिली की देवाण-घेवाण एकाच दिशेने झाली असे वाटल्यावाचून राहत नाही.

रविवारी सभा. २०१९पासून ती तीनऐवजी दोन तासांची झाली आहे, याचा वृद्धांच्या गुडघ्यांना आनंद आहे. पाव आणि पाण्याचा संस्कार, सदस्यांनीच केलेली भाषणे, मग वर्ग. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास. शाखांना आधार देण्यासाठी नेमलेल्या जोडप्याने तिथे मागच्या बाकावर बसणे अपेक्षित असते. नोंदवही कशी भरायची, गरजूंच्या निधीचा हिशेब कसा ठेवायचा हे शाखाप्रमुखाला बाजूला घेऊन सांगायचे. सभा चालवायची नाही. तीस वर्षे सभा चालवलेल्यांना हे जड जाते. घानाच्या सदस्यांना मात्र परक्यांवाचून चालवता येते हे सिद्ध झालेले आहे. १४ जून १९८९ रोजी घाना सरकारने या चर्चवर बंदी घातली, परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले आणि प्रार्थनामंदिरांना टाळे लावले. नोव्हेंबर १९९०अखेर बंदी उठेपर्यंत सुमारे दीड वर्ष लोकांनी आपापल्या घरांत उपासना चालू ठेवली. त्या काळात ना जोडपी होती, ना कीबोर्ड.

मदतकार्याची जोडपी वेगळ्या लयीत जगतात. विहिरी, रुग्णालयांची उपकरणे, चाकांच्या खुर्च्या, नवजात बाळांना श्वास देण्याचे सुइणींना प्रशिक्षण अशा कामांवर चर्च जगभर खर्च करते. २०२४मधला जाहीर आकडा १४५ कोटी डॉलर आहे. जोडप्याने प्रस्ताव तपासायचे, तीन ठिकाणांहून दर मागवायचे, काम पाहायला जायचे, नंतर पंप चालतो का हेही पाहायचे. गावात गेल्यावर आधी तिथल्या चीफची भेट. चीफशी थेट बोलायचे नसते. त्याचा ओक्येआमे, म्हणजे प्रवक्ता, दोन्हीकडचे बोलणे पोचवतो. भेटीला जाताना श्नॅप्सची बाटली नेण्याची रीत आहे आणि दारूला न शिवणाऱ्या पाहुण्यांना तिच्या जागी काय द्यायचे हे आधी ठरवून जावे लागते. या कामाची खरी कसोटी मुदतीत असते. दीड वर्षात जोडपे माणसे ओळखू लागते, कुठला ठेकेदार खोटे बोलतो ते कळते, आणि परतायची वेळ होते. पुढचे जोडपे वेळेत आले नाही तर सूत्रे हस्तांतरित व्हायला दुवाच उरत नाही. पंप बंद पडलेला कळायला मग महिने लागतात.

नवरा-बायकोच्या नात्यावर या दिवसांचा ताण येतो. चाळीस वर्षे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वेगळे राहिलेले दोघे अचानक चोवीस तास एकत्र असतात, एकाच टेबलाशी काम करतात, एकच गाडी वापरतात. रस्ता चुकल्याचे भांडण यूटातही होते, पण तिथे संध्याकाळी भावाकडे जाऊन बसता येते. दुसऱ्या बाजूने, पौरोहित्य फक्त पुरुषांना देणाऱ्या या चर्चमध्ये बायकोच्या कामाला नाव, बिल्ला आणि टेबल मिळण्याची ही थोड्या जागांपैकी एक. हिशेब अनेकदा तीच ठेवते आणि तो गाडी चालवतो.

घरची ओढ सर्वांत अधिक नातवंडांची. अ‍ॅक्रा आणि यूटा यांत हिवाळ्यात सात तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात सहा. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी इकडे जेवणे उरकली की तिकडे दुपार असते आणि व्हिडिओ कॉल लागतात. तरुणांना घरी दर आठवड्याला फोन करायची परवानगी फेब्रुवारी २०१९मध्ये मिळाली. त्याआधी वर्षातून दोनदा. जोडप्यांवर असे बंधन नाही. तरीही एखादे बाळंतपण, लग्न, आजारपण हुकते. आईवडिलांपैकी कोणी नव्वदीतले हयात असेल तर निघतानाच निरोप घेऊन ठेवलेला असतो. गरज पडली तर परवानगीने, स्वखर्चाने, थोड्या दिवसांसाठी जाऊन येता येते. काहींना मुदत अपुरी टाकून परतावे लागते, बहुधा प्रकृतीमुळे. विभागात वैद्यकीय सल्लागार असतो आणि गंमत म्हणजे तोही बहुतेक वेळा मिशनवर आलेला निवृत्त डॉक्टरच असतो.

मुदत संपल्यावर जोडपे घरी परतते, जाण्याआधी मुलाखत घेतलेल्या स्थानिक अधिकाऱ्याला भेटते आणि त्याने मुक्त केले की बिल्ला उतरवते. पुढच्या रविवारी सभेत अनुभव सांगायचा, मग नेहमीचे आयुष्य. अनेक जण वर्षा-दोन वर्षांत पुन्हा अर्ज करतात. तरीही माणसे पुरत नाहीत. ऑक्टोबर २०२३च्या परिषदेत प्रेषित रोनाल्ड रॅसबँड यांनी भाषणाचा विषयच वयस्क मिशनरी हा घेतला आणि अधिक जोडप्यांना पुढे येण्याचे आवाहन केले. घानात आता तरुण मिशनरी बहुतांशी आफ्रिकी असले, तरी परदेशातून येणारी वयस्क जोडपी मुख्यतः अमेरिकन आहेत. कारण साधे आहे. घानातले बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात काम करतात, त्यांना पेन्शन नसते, आणि साठीनंतरही त्यांच्यावर मोठ्या कुटुंबाचा भार असतो. स्वतःच्या खर्चाने दीड वर्ष परदेशी सेवा करणे त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. खर्चाचा नियम बदलेपर्यंत हे मिशन पेन्शन असलेल्या देशांच्याच हाती राहणार.